‘माशाअल्लाह’च्या पुढचे दोन शब्द

रमजान जवळ आला की विणकाम-भरतकामाच्या मोबाईलवरच्या गटांत रोज नवे फोटो येऊ लागतात. कुणाची क्रोशाची टोपी, कुणाचे जानमाजचे कव्हर, कुणाचा कुरआन शरीफसाठी शिवलेला जुजदान, कुणाच्या लेकीच्या हातावरची मेंदी. फोटो पडला की पाच मिनिटांत खाली उत्तरे उतरतात: ‘माशाअल्लाह’, ‘खूप छान’, ‘एक नंबर’ आणि मग फुलांची, हृदयांची रांग. हे सगळे मनापासून असते. दिवसभराच्या कामातून वेळ काढून केलेल्या वस्तूचे कौतुक व्हायलाच हवे, आणि ‘माशाअल्लाह’ म्हणणे तर आपल्या घरांतली चांगली सवय आहे.

पण हा लेख आम्ही लिहीत आहोत तो ‘माशाअल्लाह’नंतर काय, या प्रश्नासाठी. कौतुक झाल्यावर जे दोन शब्द यायला हवेत, ते बहुतेक गटांत येतच नाहीत. आणि कधी आलेच तर असे येतात, की ती भगिनी पुन्हा फोटो टाकायला धजत नाही.

हातात घेऊन पाहणारी खाला

पूर्वी मुलगी क्रोशा शिकायची ती आईजवळ, फुफीजवळ किंवा शेजारच्या खालाजवळ बसून. चार फेऱ्या झाल्या की खाला ते विणकाम हातात घ्यायची, बोटांनी चाचपायची, जरा ओढून पाहायची. ‘हात घट्ट पडतोय, दोरा सैल सोड,’ एवढेच म्हणायची आणि परत द्यायची. चूक चौथ्या फेरीतच सापडायची. उसवायला दोन मिनिटे, पुन्हा विणायला दहा. कुणाला वाईट वाटायचे नाही, कारण त्यात वाईट वाटण्यासारखे काही नसायचे.

आज अनेक घरांत शिकवणारी खाला जवळ नाही. मुलगी सासरी लांबच्या गावी असते, कुणी आखाती देशात नवऱ्याबरोबर राहते, कुणाच्या घरी विणकाम जाणणारे कुणीच उरलेले नाही. तिची खाला म्हणजे तो गट. पण गट वस्तू हातात घेऊ शकत नाही, त्याला फक्त फोटो दिसतो. शिवाय फोटो येतो तो वस्तू पुरी झाल्यावर, इस्त्री करून, चांगल्या उजेडात. म्हणजे सुधारण्याची वेळ उलटून गेल्यावर. खरे बोलणे अवघड होते त्याचे निम्मे कारण हेच आहे. चौथ्या फेरीत ‘उसव’ म्हणणे सोपे असते. पूर्ण झालेल्या टोपीला ‘उसव’ म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

एका टोपीचा हिशोब

उदाहरण क्रोशाच्या टोपीचेच घेऊ. टोपीचा वरचा भाग म्हणजे एक सपाट गोल. मधल्या कडीत पहिल्या फेरीला 12 खांब घातले, तर दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन घालून 24 होतात. तिसऱ्या फेरीत एकाआड एक वाढ करून 36, चौथीत दर तिसऱ्या खांबावर वाढ करून 48. दर फेरीला 12 वाढत गेले की गोल साधारण सपाट राहतो. वाढ कमी पडली तर गोल वाटीसारखा वर वळतो. वाढ जास्त झाली तर कडेला झालर पडते. ही झाली पहिली गोष्ट, आणि ती फोटोत दिसू शकते.

दुसरी गोष्ट फोटोत दिसत नाही. तो गोल किती मोठा झाल्यावर वाढ थांबवायची आणि सरळ खाली यायचे? याचे उत्तर शाळेतल्या गणितात आहे. डोक्याचा घेर 22 इंच असेल तर त्याला 22/7 ने भागायचे. वरचा गोल 7 इंचांचा हवा, आणि सुती दोरा वापरल्यावर सैलावतो म्हणून किंचित कमीच. आता हाच गोल 8 इंचांचा झाला तर? घेर 25 इंचांच्या वर जातो. वर एका इंचाची चूक, खाली तीन इंचांची. अशी टोपी रुकूत आणि सजद्यात कपाळावर उतरते, नाहीतर डोक्यावरून पडते.

आमच्या पाहण्यातली एक मुलगी आहे. मराठवाड्यातली, बारावीनंतर घरी बसलेली, हाताने अतिशय सफाईदार. तिने गटात टोपीचा फोटो टाकला. जाळी सुरेख होती आणि कौतुकाचा पाऊस पडला. त्या भरवशावर तिने ओळखीच्या एका दुकानदाराकडून ईदसाठी 15 टोप्यांची ऑर्डर घेतली. सगळ्या टोप्या त्याच मापाच्या झाल्या आणि सगळ्या परत आल्या. वरचा गोल आठ इंचांच्याही पुढे गेलेला होता. गटातल्या दोन जुन्या विणणाऱ्यांना पहिल्याच फोटोत शंका आली होती. त्यांनी ती नंतर बोलून दाखवली. ‘तेव्हा का नाही सांगितले?’ असे विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘बिचारीला वाईट वाटले असते.’

वाईट तर तिला वाटलेच. पण आधी वाटले असते तर दहा मिनिटांपुरते वाटले असते. नंतर वाटले ते पंधरा टोप्यांच्या मेहनतीचे, दोऱ्याच्या पैशांचे आणि घरात ऐकाव्या लागलेल्या बोलण्याचे. त्या दोघींचे गप्प राहणे भलेपणातून आले होते, यात शंका नाही. मात्र त्या भलेपणाची किंमत त्यांनी भरली नाही, त्या मुलीने भरली.

म्हणून आम्हांला वाटते, अशा वेळी खरे बोलणे एका साध्या प्रश्नातूनही होते. ‘माशाअल्लाह, जाळी फार सुबक आली आहे. वरचा गोल किती इंचांचा आहे, बेटी?’ यात टीका कुठे आहे? पण पंधरा टोप्या वाचल्या असत्या.

नुक्त्यांनी मोजणारे उस्ताद

दोष दाखवायचा पण माणसाला दुखवायचे नाही, ही कला आपल्या परंपरेत नवी नाही. सुलेखनाच्या, म्हणजे खत्तातीच्या शिक्षणात ती शतकानुशतके चालत आलेली आहे.

बगदादचे इब्न मुक्ला यांचा मृत्यू इ.स. 940 मधला. ते अब्बासी खलिफांचे वजीर होते. अक्षरांना माप देण्याची पद्धत त्यांच्या नावाशी जोडली जाते. या पद्धतीत मोजायची पट्टी म्हणजे नुक्ता, लेखणीच्या टोकाने काढलेला चौकोनी ठिपका. अलिफ किती नुक्त्यांचा उंच, बे किती नुक्त्यांची लांब, हे ठरलेले असते. लेखणी जाड असली तर नुक्ता मोठा आणि अक्षरही मोठे, म्हणजे प्रमाण तेच राहते.

शागिर्द धडा लिहून आणतो, त्याला मश्क म्हणतात. उस्ताद त्याच कागदावर चुकलेल्या अक्षराजवळ ते अक्षर नीट लिहून दाखवतो, नुक्ते मांडून फरक मोजून देतो. ही इस्लाह. कागदावर ‘तुझा हात वाईट आहे’ असे लिहिले जात नाही. ‘इथे एक नुक्ता जास्त झाला’ एवढेच दिसते. शागिर्द तोच धडा पुन्हा लिहितो. वर्षांनुवर्षे असे चालते आणि शेवटी इजाजत मिळते. आपल्या लेखनाखाली स्वतःचे नाव घालण्याची परवानगी, असा त्या इजाजतीचा अर्थ.

समोरासमोर बसल्याशिवाय इस्लाह होत नाही असेही नाही. मिर्झा ग़ालिब दिल्लीत राहून शागिर्दांच्या गझला टपालाने तपासून देत. त्यांत रामपूरचे नवाबही होते. अमेरिकेतले खत्तात मोहम्मद झकरिया यांनी इस्तंबूलचे उस्ताद हसन चेलेबी यांच्याकडे शिक्षण घेतले, तेही बऱ्याच अंशी टपालाने धडे पाठवून, आणि 1988 मध्ये इजाजत मिळवली. पुढे अमेरिकेच्या टपाल खात्याने 2001 मध्ये ईदचे तिकीट काढले, त्यावरचे अक्षर त्यांचेच. मधे समुद्र असला तरी नुक्ता मोजता येतो. मोबाईलवरच्या गटाला हे अवघड का जावे?

खत्तातीतून आपल्या गटांना घेण्यासारखी गोष्ट एकच: बोलणे मोजता येईल अशा गोष्टीवर ठेवावे. ‘नीट नाही जमले’ हे मोजता येत नाही, म्हणून ते टोचते. ‘डावीकडची कड उजवीपेक्षा आखूड दिसते, ओळीचा शेवटचा खांब सुटतोय का मोजून पाहा’ हे मोजता येते. बाळाची शाल वर जाता जाता निमुळती होते, तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असते. सांगणाऱ्याने कारण सांगितले की ऐकणाऱ्याच्या हाती उपाय येतो. उपाय हाती आला की माणूस रडत बसत नाही, सुईला लागतो.

कधी, कुठे आणि किती

खरे बोलण्यालाही वेळ असते, आणि ती वेळ प्रत्येक कलेत वेगळी असते. हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण सगळ्यांना एकच नियम लावल्याने भांडणे होतात.

क्रोशा सगळ्यांत क्षमाशील आहे. सुईवर एकच फास असतो. तो काढून दोरा ओढला की काम उसवते आणि दोरा परत वापरता येतो. म्हणून क्रोशात लवकर आणि मोकळेपणाने सांगावे. भरतकामाचे तसे नाही. टाके उसवले तर नाजूक कापडावर सुईची भोके राहतात, शाईचा छाप दिसू लागतो. तिथे आखणी झाल्यावर, पहिला टाका पडण्याआधी सांगितले तर उपयोग. मेंदी तर उसवताच येत नाही. एकदा रंग चढला की तो उतरेपर्यंत थांबायचे. नवरीच्या हातावरच्या मेंदीचा फोटो आला आणि ‘उजव्या हाताची बेल जरा वाकडी झाली’ असे कुणी लिहिले, तर ते खरे असूनही निरुपयोगी आहे. त्या दिवशी दुआ द्यावी. लग्नानंतर ती मुलगी कागदावर सराव करत असेल, तेव्हा बेलीची गोष्ट काढावी.

दिलेल्या भेटवस्तूचेही असेच. वस्तू ज्याला दिली त्याच्याकडे पोहोचली असेल आणि करणारीने काही विचारले नसेल, तर दोष काढून काय साधणार?

दुसरा प्रश्न जागेचा. गटात शंभर माणसे असतात, त्यांत तिची नणंद असते, जाऊ असते, कधी शाळेतली बाईही असते. चार जणींत बोललेला शब्द आणि एकटीला सांगितलेला शब्द सारखे नसतात. तिने गटातच विचारले असेल, ‘काय चुकले ते सांगा’, तर गटातच सांगावे, म्हणजे इतरांनाही शिकायला मिळते. विचारले नसेल तर वेगळा निरोप पाठवावा, आणि तोही परवानगी घेऊन: ‘आपा, कडेबद्दल एक सुचवू का?’ ‘नको’ म्हणाली तर विषय संपला.

तिसरा प्रश्न आवडीनिवडीचा. ‘मला हा पोपटी रंग आवडला नाही’ हा दोष नव्हे. ही आपली आवड आहे. दोष म्हणजे ती वस्तू ज्या कामासाठी केली, ते काम तिच्याकडून न होणे. टोपी डोक्यावर बसत नाही हा दोष. टोपी पोपटी आहे, ही तिची मर्जी.

गप्प राहणे जिथे चालत नाही

तीन प्रसंग मात्र असे आहेत की तिथे विचारण्याची वाट पाहू नये.

पहिला, इजा होण्याची भीती असेल तेव्हा. तान्ह्या बाळाच्या टोपीला सैल शिवलेले मणी किंवा बटणे असतील तर ती तुटून बाळाच्या तोंडात जाऊ शकतात. लांब नाड्या गळ्याभोवती गुंडाळू शकतात. काळ्याभोर रंगासाठी विकल्या जाणाऱ्या ‘ब्लॅक मेंदी’त केस रंगवण्याचे पीपीडी नावाचे रसायन असू शकते. त्याने कातडीला फोड येतात, कधी कायमचे डाग राहतात. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगीपासून गडद तपकिरीपर्यंत जातो. तासाभरात कुळकुळीत काळा रंग देणारा कोन ही शंकेची गोष्ट आहे. इथे सभ्यता म्हणून गप्प बसणे म्हणजे गुन्ह्यात सामील होणे.

दुसरा, ती वस्तू पैसे घेऊन विकली जाणार असेल तेव्हा. गिऱ्हाईक गटातल्या मैत्रिणीइतके समजून घेणार नाही. शिवाय त्याच्याकडून पूर्ण दाम घेऊन उणी वस्तू देणे हा व्यवहाराचाही प्रश्न आहे.

तिसरा, वस्तूवर पवित्र मजकूर असेल तेव्हा. हल्ली आयतींच्या फ्रेम भरण्याची आवड वाढली आहे. नमुना मोबाईलवरून छापून कापडावर उतरवला जातो, आणि उतरवताना एखादा नुक्ता सुटतो. बे, ते आणि से यांचा सांगाडा एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. एक ठिपका चुकला की शब्द बदलतो. अशी फ्रेम भिंतीवर लागण्याआधी, शक्य तर भरायला घेण्याआधीच, छापील मुसहफशी ताडून पाहावी. चूक दिसली तर त्या भगिनीला एकटीला, लगेच आणि स्पष्ट सांगावे.

ऐकणारीसाठी चार गोष्टी

आतापर्यंत सांगणाऱ्यांबद्दल लिहिले. ऐकणे त्याहून अवघड आहे. रात्री मुले झोपल्यावर डोळे ताणून विणलेल्या वस्तूबद्दल कुणी ‘पण’ म्हटले की मन आधी दुखते आणि मग समजते. हा क्रम कुणाला चुकलेला नाही. म्हणून काही साध्या सवयी लावून घ्याव्यात.

एक, अर्धवट काम दाखवा. पुरे झालेले काम दाखवले की लोक कौतुकच करणार. चार फेऱ्या झालेल्या, शेजारी मोजपट्टी ठेवलेल्या, उलट बाजूही दाखवणाऱ्या फोटोला लोक खरे उत्तर देतात. उलट बाजू तर जरूर दाखवा. भरतकामाचा हात तिथेच ओळखू येतो.

दोन, नेमका प्रश्न विचारा. ‘कसे वाटले?’ या प्रश्नाचे उत्तर ‘छान’ हेच असते. ‘गोलाची कड वळतेय, वाढ कमी पडली का?’ असे विचारले की जाणकार पुढे येतात. केवळ आनंद वाटायचा असेल तर तसे लिहा: ‘आज फक्त दुआ द्या.’ त्यात लाजण्यासारखे काहीच नाही.

तीन, उत्तर लगेच देऊ नका. ‘जझाकल्लाह, पाहते,’ एवढे लिहून फोन बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी ते वाक्य पुन्हा वाचले की त्यातला टोचणारा भाग बहुधा गळून पडलेला असतो आणि कामाचा भाग उरलेला असतो. पटले तर आधी छोट्या तुकड्यावर करून पाहा.

चार, सगळेच ऐकायचे नसते. तिघींनी वेगवेगळ्या वेळी एकच गोष्ट सांगितली तर ती बहुधा खरी असते. एकीनेच सांगितली आणि वस्तू आपले काम नीट करत असेल, तर आभार मानून सोडून द्यावे. सल्ला घेणे म्हणजे सुई दुसऱ्याच्या हातात देणे नव्हे.

सुरुवात घरातून

गटात आपण जसे बोलतो ते घरातूनच शिकलेले असते. ज्या घरात सून पोळ्या करते तेव्हा फक्त करपलेली पोळी मोजली जाते, तिथली लेक गटात जाऊन तेच करते. ज्या घरात कधीच काही म्हटले जात नाही आणि मनात साठवले जाते, तिथली लेक गटात गप्प बसायला शिकते. आणि ज्या घरात अब्बा मुलाची वही पाहून म्हणतात, ‘ही ओळ सरळ आली, ही जरा खाली उतरली, उद्या रेघ मारून लिहू,’ तिथल्या मुलांना खरे बोलण्याचीही भीती वाटत नाही आणि खरे ऐकण्याचीही.

माणसाने माणसाचा आरसा व्हावे, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडते. आरशाचे गुण आठवून पाहा. तो समोर आलेल्यालाच दाखवतो, मागे जाऊन सांगत नाही. आहे त्याहून मोठे दाखवत नाही आणि लपवतही नाही. आणि चेहऱ्यावर डाग दाखवताना बाकीचा चेहराही दाखवतो. हा शेवटचा गुण आपण विसरतो.

तेव्हा पुढचा फोटो आला की ‘माशाअल्लाह’ जरूर लिहावे. मग क्षणभर थांबून फोटो नीट पाहावा. काय चांगले झाले ते नाव घेऊन सांगावे, काही खटकले तर मोजून सांगावे, आणि सांगता येण्यासारखे काही नसेल तर दुआ देऊन पुढे जावे. त्या एका मिनिटात कुणाची तरी टोपी चौथ्या फेरीतच सुधारेल, आणि ईदच्या सकाळी ती एखाद्या डोक्यावर नीट बसलेली असेल.